वाघनखें, फिरंग आणि संग्रहालयधर्म

१

इसवी सन २०२४ च्या जुलै महिन्याच्या १९ तारखेस साताऱ्याच्या छत्रपति शिवाजी महाराज संग्रहालयांत लंडनच्या व्हिक्टोरिया व अल्बर्ट संग्रहालयांतून आणलेलीं वाघनखें लोकदर्शनार्थ मांडण्यांत आलीं. त्यापूर्वीं २०२३ च्या आक्टोबर महिन्यांत महाराष्ट्र शासन व तें संग्रहालय यांच्यांत लंडन येथें करार झाला होता. त्या करारान्वयें हें शस्त्र तीन वर्षांच्या मुदतीनें उसनें मिळालें, व साताऱ्यानंतर तें नागपुरासही गेलें. ज्या उत्साहानें लोकांनीं त्याचें स्वागत केलें तो उत्साह ज्यास समजत नाहीं त्यानें महाराष्ट्राच्या इतिहासाविषयीं लिहूं नये हेंच बरें. परंतु उत्साह ही एक गोष्ट व प्रमाण ही दुसरी. आमच्यासारख्या संशोधनमंडळाच्या पत्रांत दुसरीचा विचार पहिलीच्या आड येतो म्हणून टाळणें योग्य होणार नाहीं.

आरंभींच एक गोष्ट स्पष्ट करतों. ता. १० नोव्हेंबर १६५९ रोजीं प्रतापगडाखालीं अफझलखान मारला गेला याविषयीं वाद नाहीं. त्या दिवशींच्या पराक्रमाचें मोल एखाद्या लोखंडाच्या तुकड्यावर अवलंबूनही नाहीं. प्रश्न एवढाच कीं, काचेच्या पेटींत ठेवलेलीं हीं नखें तींच हें कशावरून? आणि तें ठरलें नसेल तर ती वस्तु मांडणाऱ्यानें पाहणाऱ्यास काय सांगावें? पहिला प्रश्न इतिहासाचा, दुसरा नीतीचा. आजवरची चर्चा बहुतेक पहिल्या प्रश्नाभोंवतीं फिरली. आमचा रोख दुसऱ्यावर आहे; पण दुसऱ्याकडे जाण्याची वाट पहिल्यावरूनच असल्यामुळें तेथूनच आरंभ करणें भाग आहे.

२

या वाघनखांच्या ओळखीचा आधार म्हणजे त्यांच्यासाठीं केलेल्या पेटीवरील इंग्रजी लेख. त्याचा आशय असा: ज्या शस्त्रानें शिवाजीनें मोगल सेनापतीस मारलें तें हें वाघनख, ईडनचे जेम्स ग्रँट डफ हे साताऱ्यास रेसिडेंट असतांना मराठ्यांच्या पेशव्याच्या मुख्य प्रधानानें तें त्यांस दिलें. पुढें ग्रँट डफच्या वंशजाकडून ही वस्तु लंडनच्या संग्रहालयास मिळाली.

हा लेख ताम्रपटाप्रमाणें तपासला तर त्यांत तीन छिद्रें दिसतात. पहिलें, अफझलखान मोगलांचा सेनापति नव्हता. तो विजापूरच्या आदिलशाहीचा सरदार होता. ही गोष्ट ग्रँट डफला उत्तम माहीत होती. १८२६ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्याच्या मराठ्यांच्या इतिहासांत तो प्रसंग विजापूरच्याच संबंधांत येतो. म्हणजे हा लेख त्याच्या हातचा किंवा त्यानें डोळ्याखालून घातलेला नसावा, असें अनुमान निघतें. दुसरें, पेशवा हाच मुळीं छत्रपतींचा मुख्य प्रधान. त्या प्रधानाचा ‘मुख्य प्रधान’ कोण? एखादा कारभारी अभिप्रेत असेल, पण त्याचें नांव नाहीं. तिसरें, ग्रँट डफचा साताऱ्याचा अधिकार १८१८ ते १८२२ पर्यंतचा. दुसऱ्या बाजीरावानें १८१८ च्या जूनांतच शरणागति पत्करली व तो ब्रह्मावर्तास गेला. मग साताऱ्याच्या रेसिडेंटास ही वस्तु पेशव्याच्या माणसानें केव्हां, कोणत्या नात्यानें दिली? आणि छत्रपतींच्या घराण्याची एवढी मोलाची ठेव प्रतापसिंह महाराजांच्या जामदारखान्यांत न राहतां पेशव्याच्या कारभाऱ्याच्या हातीं कशी आली? या प्रश्नांचें उत्तर पेटी देत नाहीं.

मूळ साधनांकडे वळलें तर काम अधिकच नाजूक होतें. राजाराम महाराजांच्या काळांत जिंजीस लिहिलेल्या सभासदाच्या बखरींत वाघनखाचा उल्लेख आहे. त्याहून जुनें व प्रसंगाला अधिक जवळचें साधन म्हणजे कवींद्र परमानंदाचें शिवभारत. भारत इतिहास संशोधक मंडळानें १९२७ सालीं दिवेकरांकडून संपादून काढलेल्या या संस्कृत काव्यांत खानाच्या पोटांत शिरणारें शस्त्र तरवारीच्या जातीचें आहे. वाघनखाला तेथें स्थान नाहीं. यावरून सभासद चुकला असें आम्ही म्हणत नाहीं. कवीच्या दृष्टीनें वीराच्या हातीं कृपाण शोभून दिसतें, आणि गुप्त शस्त्राची वार्ता बखरकारास जाणत्या माणसांकडून मिळाली असेल. परंतु जेथें शस्त्राच्या जातीविषयींच साधनांत दोन मतें आहेत, तेथें त्या जातीचें एक विशिष्ट शस्त्र तेंच म्हणून ओळखावयाचें तर पुरावा किती बळकट पाहिजे, हें कोणाही विचारी वाचकाच्या ध्यानांत येईल.

आमच्या शास्त्रकारांनीं प्रमाणांची चर्चा करतांना ‘ऐतिह्य’ म्हणून एक प्रकार सांगितला आहे. ज्या वार्तेचा मूळ वक्ता निर्दिष्ट नाहीं, पण जी परंपरेनें चालत आली आहे, ती ऐतिह्य. या वडावर यक्ष राहतो, असें लोक म्हणतात. कोण म्हणतो तें कोणी सांगत नाहीं. नैयायिकांनीं ऐतिह्यास स्वतंत्र प्रमाण मानलें नाहीं. वक्ता आप्त ठरला तरच तें शब्दप्रमाणांत बसतें. पेटीवरील लेख हा या व्याख्येंत चपखल बसणारा ऐतिह्याचा नमुना आहे. तो खोटा आहे असें नव्हे. तो असिद्ध आहे. असिद्ध व असत्य यांतील भेद जो पाळीत नाहीं तो भक्तही चुकतो व टीकाकारही चुकतो.

३

खुद्द व्हिक्टोरिया व अल्बर्ट संग्रहालय या बाबतींत सावध आहे. हींच ती नखें याची पडताळणी झालेली नाहीं, असें तें उघड सांगतें. कोल्हापूरचे इतिहाससंशोधक इंद्रजित सावंत यांनींही २०२४ सालीं जाहीरपणें तीच शंका मांडली. उलट आमच्याकडे स्वागताच्या भाषणांतून व जाहिरातींतून ही शंका जवळजवळ लुप्त झाली, व शंका घेणाऱ्याकडे परकीयाप्रमाणें पाहण्यांत आलें. ज्याची वस्तु त्यानें ‘ठाऊक नाहीं’ म्हणावें आणि ज्यानें उसनी आणली त्यानें ‘निश्चित’ म्हणावें, हा न्याय उलटा झाला.

येथें पूर्वपक्ष असा येईल: ‘लोकांची श्रद्धा आहे, त्यांना आनंद होतो, प्रेरणा मिळते, एका शंकेच्या ओळीनें तो आनंद कां हिरावून घ्यावा?’ या पक्षास आम्ही क्षुल्लक लेखीत नाहीं. चाकणच्या एका मोटारीच्या कारखान्यांत काम करणारा आमचा एक जुना विद्यार्थी सुटीच्या दिवशीं दोन मुलांना घेऊन साताऱ्यास गेला होता. परत आल्यावर भेटीस आला तेव्हां त्यानें विचारलें, “गुरुजी, तीं खरींच महाराजांचीं का हो? धाकट्यानें विचारलें, आणि मी हो म्हणून सांगितलें.” त्याच्या प्रश्नांत उद्धटपणा नव्हता, आपण मुलास जें सांगितलें तें खरें असावें एवढीच त्याची इच्छा होती. त्यानें एक दिवसाची सुटी व प्रवासाचा खर्च घालून जें विकत घेतलें तें कुतूहल नव्हे. तो संग्रहालयावर टाकलेला विश्वास होता.

हीच सर्व प्रश्नाची मेख आहे. मोडी दप्तरें वाचणारे, फारसी अखबार पाहणारे लोक हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. बाकीच्या लाखोंना इतिहास भेटतो तो पाठ्यपुस्तकांत व संग्रहालयाच्या फलकावर. फलक हा त्यांच्यापुरता आप्तवाक्य होतो. ज्याचें वाक्य आप्तवाक्य मानलें जातें त्यानें आपल्याला ठाऊक असलेली शंका लपविणें हा ज्ञानाचा दोष नव्हे, तो विश्वासघाताचा दोष आहे. मल्लिनाथानें आपल्या टीकेच्या आरंभीं जी प्रतिज्ञा केली, कीं मुळांत नाहीं तें लिहिणार नाहीं व अपेक्षित नाहीं तें बोलणार नाहीं, ती प्रत्येक संग्रहालयाच्या अभिरक्षकाच्या मेजावर असावी असें आम्हांस वाटतें. काव्याच्या टीकाकारानें जेवढा संयम पाळला तेवढा राष्ट्राच्या ठेवीच्या टीकाकारानें पाळूं नये काय?

शंका सांगितल्यानें आदर कमी होतो हेंही खरें नाहीं. ‘ग्रँट डफच्या संग्रहांतील वाघनखें; महाराजांशीं संबंध परंपरेनें सांगितला जातो, निश्चित नाहीं’ एवढें लिहिलें तर मुलगा बापास पुढचा प्रश्न विचारील: मग निश्चित कसें करावयाचें? त्या प्रश्नांतून एखादा संशोधक निर्माण होईल. ‘हींच तीं’ या वाक्यांतून मात्र नमस्काराखेरीज कांहीं निर्माण होत नाहीं; आणि नमस्कारासाठीं देवळें आहेत.

४

दुसरा मुद्दा स्वामित्वाचा. धर्मशास्त्राच्या व्यवहारप्रकरणांत निक्षेप म्हणजे ठेव, व तिच्या जोडीस याचितक म्हणजे वापरासाठीं मागून आणलेली वस्तु, यांचा विचार येतो. याज्ञवल्क्यानें निक्षेपाचेच नियम याचितकास लावले आहेत. याचितकाचें लक्षण असें कीं, मागणाऱ्यानें देणाऱ्याचें स्वामित्व मान्य केलेलें असतें. मुदतीनें परत करीन असें लिहून देणारा, ‘ही वस्तु मुळांत माझीच’ असें पुढें कोणत्या तोंडानें म्हणणार? साताऱ्याच्या स्वागतांत ‘वाघनखें स्वदेशीं परत आलीं’ अशी भाषा होती. करारांत मात्र तीं परत आलेलीं नाहींत, पाहुणीं आलेलीं आहेत.

यांत लंडनच्या संग्रहालयाच्या चालकांचा दोष कितपत? तें संग्रहालय १९८३ च्या इंग्लंडच्या राष्ट्रीय वारसा कायद्यानें बांधलेलें आहे. त्या कायद्यान्वयें संग्रहांतील वस्तु कायमची देऊन टाकण्याची मोकळीक विश्वस्तांस फारशी नाहीं. म्हणून उसनवारी ही त्यांची एक सोयीची वाट झाली आहे. २०२४ सालींच या संग्रहालयानें व ब्रिटिश म्यूझियमनें मिळून आफ्रिकेंतील अशांती राजाच्या कुमासी येथील संग्रहालयास ३२ वस्तु तीन वर्षांच्या मुदतीनें उसन्या दिल्या. त्यांतील पुष्कळशा १८७४ च्या स्वारींत इंग्रजांनीं नेलेल्या होत्या. लुटलेल्याची वस्तु लुटलेल्यासच उसनी मिळावी, यांतील विसंगति तेथील लोकांनींही बोलून दाखविली. याच्या उलट जर्मनीनें २०२२ सालीं बेनिनच्या पितळी शिल्पांविषयीं जें केलें तें पाहावें. आधीं स्वामित्व नायजेरियाकडे दिलें, आणि मग कांहीं वस्तु त्यांच्याकडून उसन्या म्हणून बर्लिनमध्यें ठेविल्या. वस्तु तीच, काच तीच; पण कोण कोणाचा ऋणी हें बदललें. नीतीच्या दृष्टीनें हा भेद अल्प नाहीं.

तथापि वाघनखांच्या बाबतींत ‘लूट’ हा शब्द वापरण्याचा अधिकार आम्हांस नाहीं. लेख म्हणतो तीं दिलेलीं आहेत. पराभूत राज्याच्या कारभाऱ्यानें जेत्याच्या रेसिडेंटास दिलेली भेट ही कितपत स्वखुशीची, हा प्रश्न विचारतां येईल. बळानें देवविलेलें न दिल्यासारखेंच, असा मनुस्मृतीचा दंडक आहे. पण बळ झालें हेंही सिद्ध करावें लागतें. ज्या लेखाच्या आधारें तीं महाराजांचीं ठरावयाचीं त्याच लेखाच्या आधारें तीं ग्रँट डफचींही ठरतात. लेखाचें अर्धें वाक्य खरें व अर्धें खोटें असें आपल्या सोयीनें म्हणतां येणार नाहीं.

५

नागपूरच्या रघूजी भोसल्यांच्या तरवारीची गोष्ट याहून वेगळी, व आमच्या मतें अधिक बोधप्रद आहे. २०२५ च्या एप्रिलांत लंडनच्या सोदबी या लिलावघरांत ही तरवार विक्रीस निघाली. महाराष्ट्र शासनानें मध्यस्थामार्फत सुमारें ४७ लक्ष रुपयांस ती घेतली व त्याच वर्षाच्या आगस्टांत ती मुंबईस आली. हें फिरंगी पात्याचें हत्यार असून त्यावर देवनागरींत सेनासाहेबसुभा रघूजी भोसल्यांचें नांव आहे. येथें पुरावा पेटीवर नाहीं, पात्यावर आहे. वाघनखें व ही फिरंग शेजारीं ठेवलीं तर ऐतिह्य व लेखप्रमाण यांतील भेद शाळेंतील मुलासही समजेल. शासनानें एखाद्या प्रदर्शनांत तसें मुद्दाम करावें.

ही तरवार परदेशीं कशी गेली? १८१७ च्या सीताबर्डीच्या लढाईनंतर कंपनीच्या हातीं जें पडलें त्यांत ती गेली असावी, असें अनुमान सांगितलें जातें. राज्य खालसा झाल्यावर भोसल्यांच्या ठेवींची जी वाताहत झाली तीही सर्वश्रुत आहे. धर्मशास्त्रांत अस्वामिविक्रय म्हणून एक स्वतंत्र व्यवहारपद आहे. ज्याची वस्तु नाहीं त्यानें ती विकली, तर मूळ स्वाम्यानें ती परत घ्यावी आणि विकत घेणाऱ्यानें आपली किंमत विकणाऱ्याकडून वसूल करावी, असा त्याचा निर्णय. त्या निर्णयानें पाहिलें तर महाराष्ट्रानें ४७ लक्ष देणें हा उलटा व्यवहार झाला: स्वाम्यानेंच किंमत मोजली. पण आजचा आंतरराष्ट्रीय कायदा या कामीं लंगडा आहे. सांस्कृतिक वस्तूंच्या चोरट्या व्यापाराविरुद्ध युनेस्कोचा जो करार आहे तो १९७० चा. भारतानें तो १९७७ सालीं मान्य केला. आणि तो मागील काळास लागू होत नाहीं. लिलावांत बोली लावणें किंवा तरवार दुसऱ्या कोणा धनिकाच्या दिवाणखान्यांत जाऊं देणें, एवढेच दोन मार्ग शासनापुढें होते. त्यांतील पहिला निवडला यास आम्ही दोष देत नाहीं. मात्र प्रत्येक खरेदीनें अशा वस्तूंचा बाजारभाव वाढतो व पुढच्या विक्रेत्यास उत्तेजन मिळतें, हेंही विसरून चालणार नाहीं.

परंतु या तरवारीचा खरा कठीण प्रश्न लंडनमध्यें नाहीं, आमच्या घरांत आहे. मनूनें धनागमाचे जे सात धर्म्य मार्ग सांगितले त्यांत ‘जय’ हाही एक आहे. म्हणजे जिंकून मिळविलेलें धन आमच्याही शास्त्रास वर्ज्य नव्हतें. रघूजींच्या फौजा १७४२ पासून जवळजवळ दहा वर्षें बंगाल्यांत वारंवार गेल्या. १७५१ च्या तहानें बारा लक्षांची चौथाई ठरली. बंगाली माणसाच्या स्मरणांत ‘बर्गी’ हा शब्द आजही भयाचा आहे. तेथें लहान मुलांस निजवितांना आया त्या बर्गींचें नांव काढतात. नागपुरास जो सेनासाहेबसुभा तो वर्धमानास लुटारू. या तरवारीच्या फलकावर हें लिहावें कीं नाहीं? आमचें उत्तर निःसंदिग्ध आहे: लिहावें. इंग्रजांनीं आमच्या वस्तु कशा नेल्या हें त्यांच्या फलकांवर लिहिलें जावें अशी मागणी करणाऱ्यानें आपल्या फलकावर आपल्या स्वाऱ्यांचें वर्णन अर्धवट ठेवणें न्यायाचें नाहीं. रघूजींचें कर्तृत्व यानें लहान होत नाहीं. तो काळ कळतो.

६

आतां द्रव्य व सत्ता यांविषयीं दोन शब्द. संग्रहालय चालतें तें दुसऱ्याच्या पैशावर, मग तो राजाचा असो, सरकारचा असो वा सावकाराचा असो. दात्याचें नांव भिंतीवर लागतें व कालांतरानें भिंतच दात्यासारखें बोलूं लागते. अमेरिकेंत अफूच्या जातीचीं वेदनाशामक औषधें खपवून अगणित लोकांस व्यसनांत लोटण्याचा आरोप ज्या व्यवसायावर आला त्याच्याशीं संबंधित सॅकलर घराण्याचें नांव पॅरिसच्या लूव्रनें २०१९ त, न्यूयॉर्कच्या मेट्रोपोलिटननें २०२१ त, व ज्या संग्रहालयांतून वाघनखें आलीं त्या व्हिक्टोरिया व अल्बर्टनें २०२२ त आपल्या दालनांवरून काढलें. दान घेतांना जो विचार करावयाचा तो दान खर्च झाल्यावर केला गेला. तरी केला गेला.

सत्तेचें उदाहरण आमच्या मुंबईचें आहे. राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयांत ८ फेब्रुवारी २०१९ रोजीं चित्रकार प्रभाकर बरवे यांच्या चित्रांच्या प्रदर्शनाचें उद्घाटन होतें. त्या प्रसंगीं नट व चित्रकार अमोल पालेकर यांनीं संग्रहालयाच्या स्थानिक सल्लागार समित्या बरखास्त झाल्याचा विषय काढतांच त्यांच्या भाषणांत व्यासपीठावरूनच व्यत्यय आणण्यांत आला. प्रसंगास तो विषय उचित होता कीं नाहीं यावर मतभेद होऊं शकेल. पण संग्रहालयांत काय लावावयाचें हें कोणी ठरवावयाचें, हा प्रश्न संग्रहालयाच्याच सभागृहांत विचारतां येऊं नये, हें त्या संस्थेस भूषणावह नाहीं. जुन्या वस्तूंच्या संग्रहालयास जशी वंशावळीची परीक्षा, तशी आधुनिक कलेच्या संग्रहालयास निवडीची परीक्षा. दोहोंत प्रामाण्याचाच प्रश्न आहे: हें येथें कां आहे, याचें उत्तर देण्याची तयारी.

आमच्या पिंपरी-चिंचवड व चाकणच्या पट्ट्यास हा विचार परका नाहीं. १९५४ सालीं पिंपरीस पेनिसिलिनचा सरकारी कारखाना निघाला, त्यानंतर मोटारींचे व यंत्रांचे कारखाने आले. खेड्यांची नगरपालिका व १९८२ पासून महानगरपालिका झाली. २०१३ च्या कंपनी कायद्यानें ठराविक मर्यादेवरील कंपन्यांस नफ्याचा दोन टक्के भाग लोकोपयोगी कामास लावणें प्राप्त आहे, व त्या कामांच्या यादींत ऐतिहासिक स्थळांची व कलेची जोपासनाही आहे. म्हणजे पैसा येथेंच आहे. तो घेतांना एकच अट असावी: दात्याचें नांव फलकाखालीं येईल, फलकाच्या मजकुरांत येणार नाहीं.

७

आणि जपावयाचें काय, हें शोधण्यास लंडनला जाण्याची गरज नाहीं. चाकणचा संग्रामदुर्ग हा भुईकोट याच पट्ट्याच्या पोटांत आहे. १६६० च्या उन्हाळ्याच्या अखेरीस शाएस्तेखानाच्या प्रचंड सैन्यानें त्यास वेढा घातला. किल्लेदार फिरंगोजी नरसाळा यानें पन्नासाहून अधिक दिवस तो लढविला. सुरुंगानें बुरूज उडाला तेव्हांच, आगस्टांत, किल्ला पडला. येथें ऐतिह्याचें काम नाहीं. किल्ला तोच, जागा तीच, शत्रु तोच. कोणत्याही पेटीवरील लेखाची साक्ष लागत नाहीं. त्याच्या तटाचे कांहीं भाग, बुरूज व खंदकाच्या खुणा अद्याप उभ्या आहेत, आणि चहूंकडून वस्ती, दुकानें व मालमोटारी यांचा वेढा पडला आहे. असिद्ध शस्त्रापुढें रांगा लागतात आणि सिद्ध किल्ल्यापुढून लोक कामाच्या पाळीस जातात. संग्रहालयधर्माची यापेक्षां स्पष्ट कसोटी आम्हांस ठाऊक नाहीं. ज्या समाजास अस्सल वस्तु ओळखतां येत नाहीं त्याला उसनी वस्तु आणून देणें हा उपकार नव्हे.

चिंचवडास चापेकर बंधूंचें स्मारक आहे. त्या स्मारकासारख्या संस्थेपुढेंही हाच धर्म उभा राहतो. १८९७ च्या प्लेगांत पुण्यांत जो जुलूम झाला तो सांगणें सोपें आहे. परंतु २२ जून १८९७ च्या रात्रीं गणेशखिंडीच्या रस्त्यावर रँडवरील हल्ल्याच्या वेळीं ज्याचा अंत झाला तो आयर्स्ट याचेंही नांव तेथें असावें. द्रविड बंधूंनीं खबर दिली व ते मारले गेले, हेंही सांगावें. दामोदर, बाळकृष्ण व वासुदेव हे एकाच घरचे तीन भाऊ १८९८ व १८९९ या दोन वर्षांत फांसावर चढले. एवढी किंमत ज्यांनीं दिली त्यांचें चरित्र कोणत्याही अप्रिय तपशिलानें झांकोळण्याइतकें दुबळें नाहीं. दुबळी असते ती आमची भीति.

तेव्हां आमची सूचना थोडक्यांत अशी. महाराष्ट्रांतील प्रत्येक संग्रहालयानें प्रत्येक महत्त्वाच्या वस्तूखालीं चार ओळी लिहाव्या: ही वस्तु काय आहे, ती येथें कोणाकडून व केव्हां आली, तिच्या ओळखीचा पुरावा काय, आणि त्या पुराव्यांत काय उणें आहे. चौथी ओळ कधींही गाळूं नये. साताऱ्याचीं वाघनखें मुदत संपली कीं परत जातील. तीं जाण्यापूर्वीं जेथें कोठें मांडलीं जातील तेथें ती चौथी ओळ मराठींत, ठळक अक्षरांत, मुलांच्या नजरेस येईल इतक्या उंचीवर लागावी, अशी आमची संबंधित खात्यास विनंती आहे. चाकणच्या बुरुजाजवळ तिच्या जोडीस पहिल्या तीन ओळी लागल्या तर त्यांतील तिसरी लिहितांना कोणासही अडचण पडणार नाहीं.